मृतांच्या सणात ओआहाकाला कुठे उतरावे?

प्रश्न : ऑक्टोबरअखेरीस आईला घेऊन मेक्सिकोतल्या ओआहाकाला जायचे आहे. लहान हॉटेल चालेल का?

उत्तर : जरूर, पण खोली कित्येक महिने आधी ठरवा, ३१ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर या सणाच्या दिवसांत शहर तुडुंब भरते. लहान हॉटेलांत बहुधा चौकातच दिवंगतांसाठी वेदी मांडतात : झेंडू, मेणबत्त्या, गोड पाव, मेस्कल ही स्थानिक दारू, फोटो. ती निवांत बघता येते, म्हणून मी लहान हॉटेलच सुचवीन. मात्र रस्त्याकडेची खोली नको. वाजतगाजत मिरवणुका रात्री उशिरापर्यंत चालतात. आईंसाठी तळमजला मागा, जुन्या वाड्यांतल्या अशा हॉटेलांत लिफ्ट सहसा नसते. ३१ तारखेच्या रात्री जवळच्या होहोकोत्लानच्या दफनभूमीत कुटुंबे कबरींपाशी जागतात. जरूर जा, पण विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढू नका.