सौरऊर्जा आणि जमिनीचा प्रश्न

सूर्यप्रकाश विपुल असला, तरी त्यापासून मोठ्या प्रमाणावर वीज निर्माण करावयाची म्हणजे विस्तीर्ण जमीन लागते. एक मेगावॉट क्षमतेसाठी साधारणतः पाच-सहा एकर जागा व्यापली जाते. ही जमीन कोणाची व कोणत्या अटींवर घ्यावयाची, हा भारतासारख्या दाट वस्तीच्या देशात कळीचा प्रश्न ठरतो.

कर्नाटकातील पावगड या अवर्षणप्रवण तालुक्यात त्याचे एक उत्तर शोधण्यात आले. तेथे सुमारे १३,००० एकर जमीन विकत न घेता शेतकऱ्यांकडून दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेण्यात आली. प्रारंभी एकरी वार्षिक २१,००० रुपये भाडे ठरले. मालकी शेतकऱ्याकडेच राहिली आणि पावसावर अवलंबून नसलेले उत्पन्न त्यास मिळू लागले. २०१९ च्या अखेरीस तेथील क्षमता २,०५० मेगावॉट झाली.

तथापि, भाडे मिळते ते जमीनमालकास. दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्या भूमिहीन मजुराचे काम मात्र शेतीबरोबरच थांबते. उभारणीच्या काळातील रोजगार तात्पुरता असतो. म्हणून अशा योजनेत मेगावॉटच्या हिशेबाबरोबरच या मजुराच्या उपजीविकेचा हिशेबही आरंभापासून मांडला गेला पाहिजे.