फेसाचे घरटे : अवलोकनपाठास एक विषय

घरट्यांचा पाठ निघाला की वज्रेश्वरीच्या बाजूची मुले पहिल्याने सुगरणीचे नाव घेतात. तानसेच्या काठी लोंबणारे तिचे खोपे त्यांच्या पाहण्यातले असतात. तो खोपा विणणारा पक्षी नर असतो, नाव मात्र स्त्रीलिंगी रूढ झाले, हे ऐकून वर्गात हशा पिकतो. त्याच वेळी शिक्षकाने विचारावे : मासा घरटे बांधतो काय?

याचे उत्तर एखाद्या घरच्या मत्स्यपेटीत प्रत्यक्ष दाखविता येते. बाजारात ‘ड्वार्फ गुरामी’ या नावाने मिळणारा बोटभर लांबीचा मासा गंगा व ब्रह्मपुत्रा यांच्या खोऱ्यांतील आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतील माशांवरील आपल्या ग्रंथात 1822 साली त्याचे वर्णन केले. नराच्या अंगावर तांबडे व निळे तिरपे पट्टे असतात; मादी रुपेरी व फिकट असते.

या माशाच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर घड्या पडलेले एक इंद्रिय असते. त्यायोगे तो पृष्ठभागाशी येऊन हवा घेतो. आपल्या भातशेतांतील मरळही हवा घेते, म्हणून पाण्याबाहेर काढल्यावर ती बराच वेळ जगते. मुलांस हा दाखला चटकन पटतो. हवेचा पंप नसला तरी गुरामी जगतो, ही सोय वीज वारंवार जाणाऱ्या गावी लहान नव्हे.

विणीच्या वेळी नर तोंडात हवा घेऊन तीस लाळेसारख्या चिकट द्रवाचे वेष्टन देतो व बुडबुडा सोडतो. असे असंख्य बुडबुडे एकमेकांस चिकटून फेसाचा थर बनतो. ड्वार्फ गुरामी त्यात पाणवनस्पतींचे तुकडेही गोवतो, त्यामुळे घरटे अधिक टिकाऊ होते. उबदार, संथ पाण्यात प्राणवायू कमी असतो, पण पृष्ठभागाशी तो अधिक मिळतो. अंडी तेथेच का ठेवावयाची, याचे कारण मोठ्या मुलांकडून काढून घ्यावे; आयते सांगू नये.

घरट्याखाली नर मादीस विळखा घालतो. अंडी हलकी असल्याने वर तरंगतात. बाजूस गेलेली नर तोंडाने उचलून फेसात ठेवतो. पुढे मादीला तो जवळ येऊ देत नाही, म्हणून तिला वेगळे काढावे. सुमारे एका दिवसात पिले बाहेर पडतात व आणखी दोनेक दिवसांनी स्वतंत्र पोहू लागतात. त्यानंतर नरासही हलवावे, एरवी तो पिलांस खाण्याचा संभव असतो. पेंढा काही दिवस पाण्यात कुजवून तयार झालेले सूक्ष्म जीव हे पिलांचे पहिले अन्न होय.

पेटीतील पाणी वीतभर खोल, 26 ते 28 अंश सेल्सिअस उष्ण व संथ असावे. मादीस लपावयास दाट पाणवनस्पती हव्यातच. पेटीवर काच ठेवावी, पण हवेपुरती फट सोडावी. वरची हवा थंड व कोरडी झाल्यास पिले दगावतात.

खरा धोका माणसाच्या टापटिपीचा असतो. पाण्यावर फेस दिसताच तो मळ समजून कोणीतरी वाटीने काढून टाकतो, आणि त्याबरोबर अंडीही जातात. म्हणून विद्यार्थ्यांस आधीच सांगून ठेवावे की फेस दिसल्यास हात न लावता वहीत वेळ टिपावी, घरट्याची रुंदी पेटीबाहेरून पट्टीने मोजावी आणि नर कोठे उभा आहे ते चित्रात दाखवावे. नोंद रोज एकाच वेळी व्हावी. चित्र सुबक नसले तरी चालेल, तारीख मात्र सुटता कामा नये.

पिले फार झाली की दयेपोटी ती तानसेत किंवा गावतळ्यात सोडण्याची इच्छा मुलांस होते. हे मासे कोकणचे नव्हेत; त्यांजबरोबर रोगही नव्या पाण्यात जातात व येथील माशांस अपाय होऊ शकतो. वाढलेली पिले दुसऱ्या शाळेस किंवा मासे पाळणाऱ्या घरी द्यावीत, आणि ती कोणास दिली हेही त्याच वहीत लिहावे.