अतिथिकक्षांची वर्गवारी व व्यवस्था

प्रवासी दिवसभर कोठेही हिंडला, तरी गावाविषयीचे त्याचे मत पुष्कळदा मुक्कामाच्या खोलीत बनते.

हॉटेलातील खोल्यांचे एकेरी, दुहेरी आणि स्वतंत्र बैठक असलेला सूट असे प्रमुख प्रकार असतात. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची तारांकित श्रेणी मात्र संपूर्ण हॉटेलला मिळते. ती ऐच्छिक असून तिची मुदत ५ वर्षांची असते.

प्रत्येक खाटेमागे चादरी-अभ्र्यांचे किमान ३ संच ठेवणे सोयीचे ठरते : एक अंथरलेला, एक धुलाईत, एक कपाटात. परंतु व्यवस्थेचा खरा कणा म्हणजे नोंद. भरलेली, रिकामी पण अस्वच्छ, तयार आणि दुरुस्तीसाठी बंद, ही खोल्यांची स्थिती स्वागतकक्ष व स्वच्छता विभाग एकमेकांशी ताडून पाहतात. येथे चूक झाल्यास पाहुणा दारात ताटकळतो, किंवा तयार खोली पडून राहते. आणि रिकामी गेलेली रात्र दुसऱ्या दिवशी विकता येत नाही.

१९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या न्याहारी-निवास योजनेने अतिथिसेवेचे हे काम ग्रामीण घरांपर्यंत नेले. तेथे तारे नसले, तरी स्वच्छ अंथरूण, पुरेसे पाणी व चोख नोंदवही या गरजा त्याच आहेत.