शिकागोला निघालेल्या मुक्तास



क्लिनिकल एथिक्स, म्हणजे समोरच्या विशिष्ट रुग्णावर उपचार करताना काय करावे आणि काय टाळावे याचा विचार, शिकण्यासाठी शिकागो विद्यापीठाच्या मॅक्लीन केंद्रात निघालेल्या डॉक्टरने त्या केंद्राचा स्वभाव आधी ओळखावा. डॉ. मार्क सीग्लर यांनी १९८४ मध्ये ते सुरू केले, आणि नीतीचा निर्णय हा उपचार करणाऱ्याच्याच नित्यकर्माचा भाग आहे, हा त्यांचा आग्रह तेथील शिक्षणात मुरलेला आहे. अल्बर्ट जॉन्सन व विल्यम विन्स्लेड यांच्यासह त्यांनी १९८२ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात प्रत्येक पेच वैद्यकीय गरज, रुग्णाची इच्छा, जगण्याची प्रत आणि पैसा, कुटुंब, कायदा अशी भोवतालची परिस्थिती या चार अंगांनी तपासला जातो. त्यांत गरज पहिली येते, कारण निदानच कच्चे असेल तर पुढची चर्चा व्यर्थ ठरते. (चार रकाने भरले की उत्तर मिळाले, असे मानणारेही पुष्कळ भेटतील.)

मुक्ताने १९८९ चे प्रकरण मात्र मुळातून अभ्यासावे. जिवंत दात्याच्या यकृताचा भाग मुलाला बसवण्यापूर्वीच तेथील शल्यचिकित्सक व नीतिअभ्यासक यांनी एकत्र बसून, निरोगी आईला धोक्यात घालणे कितपत योग्य आणि मूल मरणाच्या दारी असताना तिला नकाराची मोकळीक खरोखर उरते का, याचा खल केला. दोन टप्प्यांत संमती, मध्ये विचाराला अवधी आणि दात्याची बाजू पाहणारा स्वतंत्र डॉक्टर, अशी बंधने ठरवून ती ऑगस्टमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्धही केली. नोव्हेंबरात एका आईने एकवीस महिन्यांच्या मुलीला यकृताचा भाग दिला आणि अमेरिकेतील असे पहिले प्रत्यारोपण यशस्वी झाले. पण त्यात आईची प्लीहा काढावी लागली, म्हणजे आधी वर्तवलेला धोका नुसता कागदावरचा नव्हता.

भारतात बहुतेक अवयव जिवंत दात्यांकडून येतात आणि त्या दात्यांत स्त्रिया अधिक असतात, तेव्हा दात्याच्या मोकळिकीचा हा प्रश्न मुक्ताला परतल्यावर रोजच भेटेल. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ पासून आहे, पण सून किंवा पत्नी सासरच्यांसमोर करते ती सही कायद्याला पुरली तरी डॉक्टरला पुरू नये; नातेवाइकांना बाहेर बसवून तिच्याशी एकटीशी बोलावे. तिने नकार दिलाच, तर ‘ती दानास योग्य नाही’ एवढेच घरच्यांना सांगण्याची रीत काही ठिकाणी आहे. हे असत्य की संरक्षण, हा प्रश्न मुक्ताने शिकागोतील अध्यापकांपुढे जरूर मांडावा.

शुभचिंतक,
अण्णाकाका