कानशीपासून संगणकीय लेथपर्यंत

संगणकाच्या आज्ञेनुसार धातू कापणारी यंत्रे आता केवळ मोठ्या कारखान्यांपुरती राहिलेली नाहीत. लहान कार्यशाळांतूनही 'सीएनसी' लेथ दिसू लागले आहेत. साहजिकच, दहावीनंतर व्यावसायिक शिक्षणाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना या तंत्राची ओळख कशी करून द्यावी, हा प्रश्न शिक्षकांबरोबरच ग्रामस्थांच्याही विचाराचा झाला आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत १९५२ मध्ये आकड्यांच्या आज्ञांवर चालणाऱ्या मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. त्या वेळी आज्ञा छिद्रे पाडलेल्या फितीवर नोंदविल्या जात. आज त्या संगणकाच्या स्मृतीत साठविल्या जातात. तत्त्व मात्र तेच आहे. हत्यार कोठे आणि किती गतीने न्यावयाचे, हे यंत्राला आकड्यांत सांगावयाचे.

लेथवर शाफ्टची ३० मिलिमीटर लांबी कातावयाची आहे, असे समजू. 'जी०१ झेड-३० एफ०.२' या आज्ञेचा अर्थ असा : शाफ्टच्या टोकाशी शून्य धरून हत्यार सरळ रेषेत ३० मिलिमीटर आत न्यावे आणि प्रत्येक फेऱ्यास ते ०.२ मिलिमीटर सरकवावे. शाफ्ट मिनिटाला ५०० फेरे घेत असेल, तर हत्यार मिनिटाला १०० मिलिमीटर सरकेल व काम १८ सेकंदांत होईल. हे गणित शाळेतलेच आहे.

यंत्र स्वतः विचार करीत नाही. 'जी०१'ऐवजी शीघ्रगतीची 'जी००' ही आज्ञा दिली, तर हत्यार धातूवर आदळून मोडू शकते. जवळ उभ्या असलेल्यास इजाही होऊ शकते. म्हणून आज्ञावली प्रथम कागदावर, नंतर संगणकाच्या पडद्यावर आणि शेवटी धातू न लावता यंत्रावर तपासण्याची सवय लावणे अगत्याचे आहे.

मोजमापाचे महत्त्वही तितकेच आहे. २० मिलिमीटर भोकाच्या बेअरिंगमध्ये ०.०५ मिलिमीटरने जाड झालेला शाफ्ट हाताने बसत नाही. ही चूक डोळ्यांना दिसत नाही; मायक्रोमीटर ती दाखवितो. ज्याने कानस चालविली आहे आणि आराखडा वाचून माप घेतले आहे, त्यालाच पडद्यावरील आकड्याचा अर्थ उमगतो.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करीत शिकणे, हे त्याचे सूत्र. तेथेच २००२ मध्ये संगणक-नियंत्रित साधनांची 'फॅब लॅब' उभी राहिली. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

महागडे यंत्र नाही म्हणून शाळांनी थांबण्याचे कारण नाही. आरेखन, कानसकाम व मोजमाप शाळेतच शिकविता येईल. आज्ञावलीचा सराव साध्या संगणकावर होईल. प्रत्यक्ष यंत्रासाठी जवळची औद्योगिक प्रशिक्षण संस्था किंवा कार्यशाळा यांच्याशी संपर्क साधावा. या कामी पंचायत सदस्यांनी पुढाकार घेतल्यास गावातील मुलामुलींना हे दालन खुले होईल.