दाराच्या चौकटीवरचा आकडा

१. ट्रक किती ओढतो, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. जाहिरातीत मात्र तोच ठळक: ११,००० पौंड. आमचा ट्रॅव्हल ट्रेलर सामानासकट ७,०००. म्हणजे झालंच की! कोलोरॅडोत राहणाऱ्या माणसाने एवढ्यावर खूश होऊ नये, पण झालो.

२. खरा हिशेब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते तिथे लिहिलेलं. हाफ-टन पिकअपला ते बरेचदा दीड हजार पौंडांच्या आसपास. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रकच्या पाठीवर येतो. आमचे धरा ९००. भार पुढच्या चाकांकडे वाटून देणारा हिच घेतला, तर त्याचेच शंभरेक. उरले ५००. त्यात आम्ही चौघं, कुत्रा, कूलर आणि बायकोने हट्टाने घेतलेला कुकर. त्या आठवड्यात घरात वजनाचा विषय निघाला, की सगळे माझ्या पोटाकडे बघायचे.

३. ट्रेलरच्या माहितीपत्रकातलं वजन रिकाम्याचं. रिकामा ट्रेलर घेऊन कोण फिरतं? नुसती ४० गॅलनची पाण्याची टाकी भरली तरी ३३० पौंड वाढतात.

४. काटा कोणाची भीड ठेवत नाही. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर थोडे डॉलर दिले की पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर यांची वेगवेगळी वजनं छापलेली पावती मिळते. अठराचाकी ट्रकांच्या रांगेत उभं राहताना साखर कारखान्याच्या काट्यावरची उसाची बैलगाडी झाल्यासारखं वाटलं. पावतीत पुढच्या आसावरचं वजन चक्क घटलेलं. स्टिअरिंग हलकं का लागत होतं, ते तेव्हा उमगलं.

५. चढाची धास्ती उगाच घेतली होती. चढाला फार तर वेग पडतो, मागचे वैतागतात. आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर. तिथून सिल्व्हरथॉर्नकडे सात टक्क्यांचा उतार सुरू होतो, तेव्हा ओढण्याचे सगळे आकडे विसरायला होतात. टो-हॉल मोड लावला, गिअर खाली ठेवला, ट्रेलरचे ब्रेक कंट्रोलरवर नीट बसवलेले, तरीही बाजूला ब्रेक फेल झालेल्या ट्रकांसाठी केलेले खडीचे चढ दिसले, की गप्पा बंद.

६. मोठा ट्रक म्हणजे सुटलो, असंही नाही. थ्री-क्वार्टर टनचा डिझेल बघायला गेलो. सवयीने आधी दार उघडलं. आकडा अपेक्षेपेक्षा बराच कमी. ते अवजड इंजिन त्याच हिशेबातलं वजन खातं. शेवटी त्याच मापाचा पेट्रोलवाला घेतला. आता गराजमध्ये तो मावत नाही.