डच मुले, भोपाळची मराठी मुले आणि इंग्रजीचा तास

विद्यार्थी मित्रांनो, पालक आणि विश्वस्त मंडळी,



गेल्या पालक सभेत एका बाबांनी उभे राहून सूचना केली, "मैडम, मराठी के पीरियड हटाकर अंग्रेज़ी के बढ़ा दीजिए." सूचना अगदी मनापासून होती. आपल्या मुलाचे पुढे इंग्रजीमुळे अडू नये असे कोणत्या आईवडिलांना वाटत नाही? गंमत एवढीच, की मराठी घरातले हे बाबा मराठी शाळेच्या सभेत उत्तम हिंदीत बोलत होते आणि आम्हा कोणालाच ते खटकले नाही. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. म्हणून आज हा पाठ. सुरुवात जरा लांबून, नेदरलँड्सपासून करते.

१. डच लोकांना इंग्रजी इतके चांगले कसे येते?

नेदरलँड्स (आपण ज्याला हॉलंड म्हणतो तो देश) लोकसंख्येने मध्य प्रदेशाच्या चौथाईपेक्षाही लहान आहे. तेथील भाषा डच. तरीही युरोपात झालेल्या पाहण्यांमध्ये दहांपैकी सुमारे नऊ डच लोक आपल्याला इंग्रजीत बोलता येते असे सांगतात. त्यांची बुद्धी आपल्यापेक्षा वेगळी आहे असे नाही. कारणे साधी आहेत.

पहिले कारण नाते. डच आणि इंग्रजी या एकाच कुळातल्या बहिणी आहेत. "मी सफरचंद खातो" हे डच मुलगा "इक एट अन आपल" असे म्हणतो. इंग्रजी मुलगा म्हणतो, "आय ईट अ‍ॅन अ‍ॅपल". शब्दांचा क्रम तोच आणि शब्दही चुलत भावंडांसारखे.

दुसरे कारण गरज. जगात डच बोलणारे सगळे मिळून अडीच कोटींच्या आसपास आहेत. रॉटरडॅम हे युरोपातले सर्वांत मोठे बंदर त्यांच्या देशात आहे, पण तेथे येणारा परदेशी व्यापारी डच शिकून येत नाही. मग शिकायचे यांनाच.

तिसरे कारण कान. तेथे दूरदर्शनवर आणि चित्रपटगृहात इंग्रजी चित्रपट, मालिका मूळ आवाजातच दाखवतात. अगदी लहान मुलांचे कार्यक्रम तेवढे डचमध्ये बोलतात. बाकी ठिकाणी खाली डच ओळी आणि कानावर इंग्रजी. शेजारच्या जर्मनीत मात्र आवाज बदलून जर्मन करण्याची पद्धत आहे.

चौथे कारण शाळा. १९८६ पासून प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांत इंग्रजी सक्तीचे आहे. माध्यमिक शाळेत त्याच्या जोडीला जर्मन, फ्रेंचही शिकवतात.

पालकांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. हे सारे करताना त्यांनी डच काढून टाकलेली नाही. प्राथमिक शाळेचे माध्यम मुख्यतः डचच असते. विद्यापीठांत इंग्रजीतून चालणारे अभ्यासक्रम फार वाढले, तेव्हा तेथेही आपल्या भाषेचे काय होणार यावर मोठा वाद सुरू झाला.

२. हा पराक्रम आपण केव्हाच केला आहे

आता स्वतःकडे पाहू. १ नोव्हेंबर १९५६ ला नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि राजधानी नागपूरहून भोपाळला आली. तिच्याबरोबर अनेक मराठी कर्मचारी कुटुंबे आली, त्यांत माझे वडीलही होते. तात्या टोपे नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही भावंडे घरात मराठी आणि ओट्यावर हिंदी बोलत वाढलो. हिंदी आम्हाला कोणी "शिकवली" असे आठवत नाही.

का आली? डच मुलांचीच कारणे. नाते होते, कारण दोन्ही भाषा संस्कृत-प्राकृताच्या घरातल्या आणि लिपीही एकच. गरज होती, कारण भाजीवाल्यापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे हिंदी बोलणारे. कान भरलेले होते, कारण रेडिओ आणि सिनेमा हिंदी. आणि खेळात चुकलो तर कोणी गुण कापत नव्हते!

चुका मात्र होत. नागपूरहून आलेली माझी मावशी "शिक्षा मंत्री" ऐकून म्हणाली, "अगं बाई, इथे शिक्षा करायलासुद्धा मंत्री?" हिंदीत "चेष्टा" म्हणजे प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. मराठीत "व्यक्ती" स्त्रीलिंगी, हिंदीत पुल्लिंगी. "पुस्तक" आपल्याकडे नपुंसकलिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. जवळच्या भाषा अशाच फसवतात, पण बोलता बोलता सुधारतात.

आपल्या माणसांनी हिंदी नुसती बोलली नाही, ती घडवली. दमोहजवळच्या पथरिया येथे १८७१ साली जन्मलेल्या माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून "छत्तीसगढ़ मित्र" हे हिंदी मासिक काढले. लोकमान्य टिळकांचे "गीतारहस्य" आणि समर्थांचा "दासबोध" त्यांनीच हिंदीत नेला. त्यांच्या नावाचे वृत्तपत्र संग्रहालय १९८४ पासून आपल्याच भोपाळात आहे. काशीचे बाबूराव विष्णु पराडकर यांनी "आज" या दैनिकातून हिंदी पत्रकारितेला वळण दिले. आणि मुक्तिबोध बंधू पाहा. श्योपूरला १९१७ साली जन्मलेले गजानन माधव हिंदीचे थोर कवी झाले, तर धाकटे शरच्चंद्र मराठीचे कवी आणि समीक्षक. शरच्चंद्रांना १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एका घरात दोन भाषा राहिल्या आणि कोणतीही उपाशी राहिली नाही.

३. मग इंग्रजी का अडते?

कारण इंग्रजी आपली जवळची नातेवाईक नाही. "मी आंबा खातो", "मैं आम खाता हूँ" यांत क्रियापद शेवटी येते. इंग्रजीत ते मध्ये येते. आपण "घरात" म्हणतो, इंग्रज "इन द हाउस" म्हणतो. आपला प्रत्यय मागे, त्यांचा शब्द पुढे. म्हणून डच मुलापेक्षा आपल्या मुलाला अधिक ऐकावे लागते, अधिक बोलावे लागते. आपण मात्र नेमके उलट करतो. व्याकरण पाठ करवतो आणि तोंड उघडू देत नाही.

हे मी अनुभवाने सांगते. मी हिंदी माध्यमातून पदवीधर झाले. पहिल्या मुलाखतीत प्रश्न इंग्रजीत आला. उत्तर मला येत होते, पण चुकेल या भीतीने शब्द फुटला नाही आणि ती नोकरी गेली. घरी आईशी मराठी बोलल्यामुळे ती गेली नाही. चार माणसांपुढे कधी चुकीचे इंग्रजी बोलूनच पाहिले नव्हते, म्हणून गेली.

४. आता आपण काय करावे?

पालकांनी घरी मराठीच बोलावे. हिंदी रस्ता शिकवतो. मराठी घराशिवाय कोणी शिकवणार नाही. मुलांना रोज पंधरा मिनिटे इंग्रजी गोष्ट किंवा कार्यक्रम मूळ आवाजात ऐकवावा, खाली ओळी असतील तर उत्तम. चुकले तर हसू नये.

विश्वस्त मंडळींना माझी विनंती आहे की मराठीच्या तासिका तशाच राहू द्याव्यात. त्यांऐवजी आठवड्यातून दोनदा मधल्या सुटीनंतर अर्धा तास केवळ इंग्रजी ऐकण्या-बोलण्याचा ठेवावा, ज्यात गुण नसतील आणि लाल शाईही नसेल. वर्षभराने निकाल आपण सर्वांनी मिळून पाहावा.

आणि ज्या बाबांनी सूचना केली, त्यांचे मी आभार मानते. पुढच्या सभेत त्यांनी आपले मत अवश्य मांडावे. फक्त एवढेच, की या वेळी मराठीत. चुकले तरी कोणी हसणार नाही.

विद्यार्थ्यांसाठी घरचा अभ्यास:
१) मराठीत एक आणि हिंदीत वेगळा अर्थ असलेले पाच शब्द आजी-आजोबांना विचारून लिहा.
२) एकच वाक्य मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहा व क्रियापदाखाली रेघ मारा.
३) आपले कुटुंब भोपाळला केव्हा व कोठून आले, ते पाच ओळींत मराठीत लिहा.

आपली,
प्राचार्या